ओलं गवत, कोवळी कोकरं आणि पोटातले भाडेकरू

मंडळी, आजचा विषय जरा किळसवाणा आहे. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या, मी थांबतो.

मी राहतो ते हूफडॉर्प समुद्रसपाटीच्या साधारण साडेचार मीटर खाली आहे. दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी इथे गाव नव्हतं, हार्लेमरमेअर नावाचं अवाढव्य तळं होतं. सुमारे १८,००० हेक्टरांचं. डच लोकांनी त्याच्याभोवती ६० किलोमीटरच्या आसपास लांबीचा कालवा खणला, वाफेवर चालणारी तीन प्रचंड पंपघरं बांधली आणि १८४९ ते १८५२ एवढ्या काळात आख्खं तळं उपसून टाकलं. त्यातलं क्रूकियस हे पंपघर आता म्युझियम आहे. त्याच्या इंजिनाच्या मोठ्या सिलिंडरचा व्यास ३.६६ मीटर. इंजिनियर माणसाने तिथे जावं, टोपी काढावी आणि गप्प उभं राहावं. पुढे १८५३ मध्ये इथे क्राउसडॉर्प नावाचं गाव वसलं आणि १८६८ मध्ये त्याचं हूफडॉर्प, म्हणजे 'मुख्य गाव' झालं. शेजारचा स्किपोल विमानतळसुद्धा याच तळ्याच्या तळाशी आहे. तुम्ही ॲमस्टरडॅमला विमानाने उतरता ते खरं तर तळ्यात उतरता.

पण तळं उपसलं म्हणजे ओल गेली असं नाही. पंप आजही चालू आहेत, शेताशेतांमधून पाण्याचे चर आहेत आणि बांधांवर बारा महिने हिरवंगार गवत. वसंतात त्या बांधांवर मेंढ्या आणि त्यांची कोकरं सोडलेली असतात. भारतातून पाहुणे आले की पहिला फोटो त्यांचाच काढतात. हेच ओलं गवत त्या कोकरांचं सगळ्यात मोठं दुखणं आहे, हे मात्र फोटोत दिसत नाही.

मला याचा पत्ता एका शब्दावरून लागला. ऑफिसातल्या एका डच सहकाऱ्याने पार्टीनंतर सांगितलं की त्याने इतकं खाल्लं, इतकं खाल्लं की 'ओंखान्स' झाला. म्हणजे आपल्या भाषेत पोट फुटेस्तोवर खाल्लं. शब्दकोश उघडला तर दुसराच अर्थ समोर आला. ओंखान्स हे मेंढ्यांच्या एका जुन्या रोगाचं नाव. ओलसर कुरणात चरलेली मेंढी आधी चांगली दिसते, मग खंगते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागते आणि मरते. कापून पाहिली तर यकृतात चपटे, पानासारखे किडे. त्यांना इथे म्हणतात 'लेव्हरबॉट'. बॉट हा इथला एक चपटा मासा, तेव्हा 'यकृतातला बॉट मासा'. आपल्याकडे पशुवैद्य त्यालाच पर्णकृमी म्हणतात. मासा म्हणा की पान म्हणा, वर्णन तेच.

आता असे किडे बारकाईने पाहणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत इथलेही होते, शेजारच्या गावांतले. डेल्फ्टचा कापडवाला लेव्हेनहूक तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. त्याने १६७४ मध्ये सशाच्या पित्तात अंडाकृती कण पाहिल्याचं लिहून ठेवलंय. ते कॉक्सिडिया नावाच्या एकपेशीय परजीवींचे असावेत असं आज मानतात. त्यांचेच भाऊबंद आपल्याकडच्या वासरांना आणि करडांना रक्ती हगवण लावतात. १६८१ मध्ये त्याचं स्वतःचं पोट बिघडलं. तुम्हीआम्ही अशा वेळी ताकभात खाऊन झोपतो. या गृहस्थाने नमुना भिंगाखाली घेतला आणि आज ज्याला जिआर्डिया म्हणतात तो प्राणी पाहिला! पुढे १६९८ मध्ये लायडनचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक बिडलू यांनी याच लेव्हेनहूकला उद्देशून एक पत्र छापलं, मेंढ्यांच्या आणि इतर जनावरांच्या यकृतात सापडणाऱ्या किड्यांबद्दल. त्या किड्यांच्या अंगात अंडी असतात हे त्यांनी नोंदवलं. घाणीतून किडे आपोआप उपजतात असं भले भले मानत होते त्या काळात अंडं सापडणं ही मोठी गोष्ट होती. अंडं आहे म्हणजे आई आहे आणि कुठून तरी आत येण्याची वाटही आहे.

ती वाट सापडायला आणखी जवळजवळ दोनशे वर्षं गेली. १८७९-८० च्या ओल्या हंगामात इंग्लंडात या रोगाने लाखो मेंढ्या मेल्या, तेव्हा कुठे लोक जागे झाले. ऑक्सफर्डचे थॉमस आणि जर्मनीतले लॉयकार्ट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, १८८३ पर्यंत, सगळं चक्र उलगडलं. अंडं शेणातून पाण्यात, पाण्यातून एका नखाएवढ्या गोगलगायीत, गोगलगायीतून गवतावर आणि गवतावरून मेंढीच्या आतड्यात. तिथून ते आतडं भोकसून यकृताकडे जातं. म्हणजे चर, गोगलगाय, गवत आणि मेंढी. माझ्या खिडकीतून या चारही गोष्टी दिसतात.

पण यकृतातला किडा हा निदान मोठ्या जनावरांनाही सोडत नाही. खास पिलांचा काळ ठरतात ते चौथ्या पोटातले आणि आतड्यातले गोल जंत. यांना गोगलगायीचीसुद्धा गरज नाही. मेंढीच्या चौथ्या पोटात राहणारा हिमोंकस घ्या. सुताएवढा, लाल-पांढऱ्या पिळाचा. एकेक मादी दिवसाला पाच हजारांच्या वर अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात, उबेत आणि ओलीत आठवड्या-दोन आठवड्यांत अळी तयार होते आणि दवाच्या पातळ थरातून गवताच्या पात्यावर चढते. कोकरू ते पातं खातं, झालं! अमेरिकेत रॅन्सम यांनी १९०६ मध्ये हे चक्र मांडलं. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. ऐकायला काहीच नाही. पण एका कोकरात हजार जंत ही काही फार नवलाची गोष्ट नाही, मग रोजचे ५० मिलिलिटर झाले. वीस किलोच्या कोकरात मुळात रक्तच दीड लिटरच्या आतबाहेर. करा हिशोब.

मोठी मेंढी त्याच कुरणात, तेच गवत खाते आणि बऱ्यापैकी ठणठणीत राहते. कारण एक-दोन हंगाम सोसल्यावर अंगात प्रतिकारशक्ती येते. कोकराकडे ती नसते. शिवाय व्यायच्या आसपास आईची ताकदही तात्पुरती कमी होते, तिच्या लेंडीतून अंडी एकदम जास्त पडू लागतात आणि तीही नेमकी पिलू चरायला लागायच्या वेळी. हा योगायोग नव्हे. लाखो वर्षं टिकलेल्या जंताने वेळापत्रक जमवून घेतलंय.

गाईंच्या वासरांची इथली गोष्ट थोडी वेगळी. हिवाळ्यात वासरं गोठ्यात असतात, मेच्या सुमारास पहिल्यांदा कुरणात सोडतात. आदल्या वर्षीच्या अळ्या बर्फाखाली तग धरून त्यांची वाटच पाहत असतात. (या अळ्या काही खात नाहीत, अंगातल्या साठ्यावर जगतात. थंडीत साठा पुरवून पुरवून वापरला जातो, कडक उन्हात भराभर संपतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) वासराने मेमध्ये थोड्या अळ्या खाल्ल्या की तीन आठवड्यांनी त्याच्या शेणातून अंडी, आणि जुलैनंतर कुरणावर अळ्यांचा नुसता महापूर. इंग्लंडात वेब्रिजच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या मिशेल यांनी १९६९ मध्ये यावर सोपा तोडगा सांगितला. जुलैच्या मध्याला, पूर येण्याआधी, वासरांना जंताचं औषध द्या आणि त्याच दिवशी कापणी झालेल्या नव्या कुरणात हलवा. हॉलंडमध्येही कापलेल्या कुरणावर पुन्हा फुटलेलं कोवळं गवत वासरांसाठी राखायची पद्धत आहे. त्या गवताला इथे वेगळं नावही आहे, 'एटख्रून'. ज्या भाषेत एखाद्या गवताला स्वतंत्र शब्द असतो तिथे त्या गवताची किंमत कुणीतरी कधीतरी मोजलेली असते, असं आपलं माझं मत.

मग औषधांचं राज्य आलं. त्याआधी मोरचूद, तंबाखूचा अर्क, मग १९४० च्या सुमाराला फिनोथायझिन असं काहीबाही चालू होतं. १९६१ मध्ये थायाबेंडाझोल बाजारात आलं आणि सगळा खेळच बदलला. एक डोस आणि पोट साफ. इथून दोनेक तासांवर, बेल्जियममधल्या बीर्स गावी, यान्सेन कंपनीने १९६६ च्या सुमारास टेट्रामिसोल काढलं. १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन आलं. त्याचं मूळ जपानमधल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत ओमुरांना सापडलेला जिवाणू. त्यासाठी ओमुरा आणि कॅम्बेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. ही औषधं खरोखरच मोठी होती, त्यात शंका नाही. माणसांतला नदी-अंधत्वाचा रोगही आयव्हरमेक्टिनने आटोक्यात आणला.

पण जरा तारखा बघा. थायाबेंडाझोल १९६१. त्याला दाद न देणारा हिमोंकस अमेरिकेत नोंदवला गेला १९६४ मध्ये. तीन वर्षं! आमच्या धंद्यात तीन वर्षांत सॉफ्टवेअर जुनं होतं तेव्हा आम्ही कुरकुरतो.

इथे एक गंमत आहे, किंवा गंमत नाहीच म्हणा. मिशेल यांचा 'औषध द्या आणि हलवा' हा सल्ला वासरांसाठी उत्तम होता. पण मेंढ्यांच्या बाबतीत तोच अंगाशी आला. विचार करा. सगळ्या कळपाला औषध दिलं, साधे जंत मेले, औषधाला न जुमानणारे दोनचार उरले. मग कळप स्वच्छ कुरणावर नेला. आता त्या कुरणात अंडी कुणाची पडणार? फक्त त्या दोनचार पठ्ठ्यांची. जुन्या कुरणावर ठेवला असता तर गवतातल्या लाखो साध्या अळ्या पोटात गेल्या असत्या आणि पठ्ठ्यांची औलाद त्या गर्दीत विरून गेली असती. म्हणजे जितकी सफाई कडक, तितकी निवड कडक. हे कळायला शास्त्रज्ञांनाही तीसेक वर्षं लागली. आता सल्ला उलटा आहे, कळपातली काही जनावरं मुद्दाम औषधाविना ठेवा. कुठली ठेवायची ते ठरवायला दक्षिण आफ्रिकेत मलान यांच्या नावावरून 'फामाचा' नावाचं एक कार्ड निघालं. त्यावर लाल ते पांढरा असे पाच रंग. मेंढीची खालची पापणी ओढायची, आतला रंग कार्डाशी ताडायचा. फिकट असेल तिलाच औषध. आपल्याकडचे जुने वैद्य आणि घरच्या आज्या पापणी ओढूनच रक्त कमी आहे की नाही ते बघत, फक्त कार्ड छापलं नव्हतं.

हॉलंडने २००८ पासून जनावरांची जंतनाशकं पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम केला. तरीही २०१५ मध्ये इथल्या संशोधकांनी छापलं की मोनेपँटेल हे अगदी नवं औषधसुद्धा इथल्या मेंढ्यांतल्या हिमोंकसवर चालेनासं झालंय. जेमतेम काही वर्षांचं वय त्या औषधाचं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ओल्या देशाचं रडगाणं, आमच्या माणदेशात प्यायला पाणी नाही. बरोबर आहे, आणि तिथेच मघाचा उन्हाचा मुद्दा येतो. एप्रिल-मेच्या उन्हात पठारावरच्या गवतातल्या बहुतेक अळ्या करपून जातात. शिवाय धनगरांचे वाडे पावसाळा सरला की कोकणाकडे निघतात, आज या शेतात मेंढ्या बसवल्या, चार दिवसांनी पुढच्या गावात. त्याच गवतावर लगेच परत येणं नाही. धनगरांनी जंतांचा विचार करून ही वाट पाडली असं मी म्हणणार नाही, चारा आणि पाणी हीच खरी कारणं. पण वाट चालू होती तोवर तिचा हा फायदा फुकटात मिळत होता. पाटाचं पाणी आल्यावर, उसाच्या बांधांवर आणि कालव्याच्या काठी मेंढी बारा महिने एकाच जागी चरू लागली की तिथे आमचं हूफडॉर्पच तयार होतं.

म्हशीच्या रेडकांची गोष्ट मात्र कुरणाशी संबंधितच नाही. माझे मामा दोन म्हशी ठेवून होते. मागे फोनवर म्हणाले, "अरे, पारडू अजून गवताला तोंड लावत न्हाई, आन् त्याच्या पोटात एवढाले जंत कुठनं आले?" प्रश्न अगदी रास्त. या जंताचं नाव टॉक्सोकारा. वीस-पंचवीस सेंटिमीटर लांब, गांडुळासारखा, आतड्यात गुंडाळी करून बसणारा. याच्या अळ्या म्हशीच्या अंगात निपचित पडून राहतात. म्हैस व्यायली की जाग्या होतात आणि पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत दुधातून पारड्याच्या पोटात उतरतात. वॉरेन यांनी १९७१ मध्ये ही दुधाची वाट स्पष्ट केली. तीन-चार आठवड्यांत जंत पुरे वाढतात. मातकट, घाण वासाची हगवण लागते, पोट नगारा होतं आणि पुष्कळ पारडी तिथेच संपतात. यावर 'मग चीक पाजूच नका' असा शहाणपणा कुणी सांगेल, तर ऐकू नका. पारड्याच्या अंगात रोगांशी लढायची ताकद चिकातूनच येते, तो पहिल्या काही तासांत पोटात जायलाच हवा. उपाय आहे तो वेळेचा. दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान पशुवैद्याकडून औषधाचा एक डोस द्यायचा, म्हणजे जंत अंडी घालायच्या आतच मरतात आणि गोठ्याची जमीनही वाचते, कारण ही अंडी मातीत फार काळ टिकतात. औषध स्वस्त आहे, चुकते ती तारीख. त्यातून रेडा असेल तर त्याची तारीख कोण लक्षात ठेवतो!

या बाबतीत आपल्याकडे ज्ञान नव्हतं असंही नाही. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी देशातली पहिली सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यातच सुरू झाली. १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली. तिथेच जी. डी. भालेराव या कृमितज्ज्ञांनी भारतातल्या पाळीव जनावरांच्या जंतांवर १९३५ मध्ये ग्रंथ लिहिला आणि पुढच्या पिढ्यांनी त्यावरच काम केलं. मराठी वाचकांपैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय, मला शंका आहे.

आता मला ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहावंसं वाटलं ती. फलटणला बी. व्ही. निंबकरांनी १९६८ मध्ये काढलेली निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तिथे १९९० च्या दशकात सुंदरबनातल्या गारोळ मेंढ्या आणल्या. सुंदरबन म्हणजे काय, तर बांध घालून समुद्राला थोपवून धरलेली जमीन. बंगालचं हार्लेमरमेअरच, फक्त पंपघर नाही. तिथे ही दहा-पंधरा किलोंची चिमुकली मेंढी भाताच्या चिखलात, घोटाभर पाण्यात उभी राहून चरते. डच हिशोबाने ती केव्हाच ओंखान्स होऊन नामशेष व्हायला हवी होती. पण झाली नाही. चंदा निंबकर, प्रदीप घळसासी आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांनी दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांची कोकरं आणि त्यांचे गारोळशी झालेले संकर यांची तुलना केली. २००३ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की गारोळ रक्ताच्या कोकरांच्या लेंडीत जंतांची अंडी कमी पडतात. म्हणजे ही मेंढी जंतांना औषधाविना धाकात ठेवते. पिढ्यान् पिढ्या ओल्यात राहून ज्या वाचल्या त्यांचीच ही वंशावळ.

गारोळची दुसरी ख्याती म्हणजे जुळी. १७९० च्या दशकात कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या. तिथल्या बुरुला नावाच्या जातीत जुळी-तिळी देणारं जे जनुक सापडलं, तेच गारोळमध्येही आहे हे २००२ मध्ये सिद्ध झालं. एकच जनुक. त्यामुळे फलटणला ते दख्खनी मेंढीत उतरवता आलं. पुन्हा पुन्हा दख्खनीशी संकर करत अंगाने दख्खनी पण जुळी देणारी 'नारी सुवर्णा' तयार झाली. दख्खनी मेंढी एरवी एकच कोकरू देते, तेव्हा धनगराच्या दृष्टीने हा फायदा रोकडा आहे.

जंतांशी लढायची ताकद मात्र अशी एका जनुकात बसलेली नसते. ती पुष्कळ जनुकांत थोडी थोडी वाटलेली असते आणि दख्खनीशी प्रत्येक संकरात गारोळचा वाटा निम्मा होत जातो. जुळ्यांचं जनुक चाचणी करून वेचून ठेवता येतं, ही ताकद तशी वेचता येत नाही. ती हवी तर दर पिढीला कोकरांच्या लेंड्या तपासायच्या, अंडी मोजायची आणि त्यावरून नर निवडायचे. चिकाटीचं, कंटाळवाणं काम, आणि बाजारात मेंढा विकायला गेलं की गिऱ्हाईक विचारणार ते वजनच. गारोळ रक्ताची कोकरं नेमकी वजनातच मागे पडतात. त्यात जुळी पाजणाऱ्या आईच्या लेंडीतून एकटं पाजणारीपेक्षा अंडी जास्त पडतात आणि जुळ्यांच्या वाट्याला दूध निम्मं. दोन कोकरं झाली की दोघांनाही गवताकडे लवकर वळावं लागतं.